मालगाडी वाचण्याचा छंद

मालगाडी म्हटली, की आपल्या कपाळाला आठी पडते. फाटक बंद, आपली घाई आणि डबे तर संपता संपत नाहीत! परंतु याच डब्यांसाठी गळ्यात कॅमेरा अडकवून तासन्‌तास ताटकळणारे शौकीनही आपल्यात आहेत. पेण आणि रोहे ही त्यांची जणू पंढरीच.

त्याला कारणही तसेच आहे. आपट्याहून रोह्यापर्यंतचा लोहमार्ग १९८६ साली झाला. पेणहून एक फाटा थळच्या खतकारखान्याकडे वळतो. डोलवीला पोलाद, नागोठण्याला पेट्रोरसायने. रोह्यापुढे कोकण रेल्वे. तिच्यावरून २६ जानेवारी १९९८ पासून सलग गाड्या धावू लागल्या आणि १९९९ साली कोलाडहून मालाने भरलेले ट्रकच्या ट्रक सपाट डब्यांवर बसून गोव्यातील वेर्ण्याला निघाले! ट्रकने आगगाडीत बसून प्रवास करावा, ही मौज छायाचित्रात पकडण्याजोगी नव्हे काय?

या छंदात नुसते छायाचित्र काढून भागत नाही. गाडी वाचावी लागते. आम्हां मराठीच्या मास्तरांना तर तो समासाचा विग्रहच वाटतो. इंजिनावर ‘डब्ल्यूएजी’ दिसले, तर ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंद मार्ग, ‘ए’ म्हणजे प्रत्यावर्ती वीज आणि ‘जी’ म्हणजे मालवाहू. डिझेलचे असेल, तर ‘ए’च्या जागी ‘डी’. डब्यावर ११ आकडे असतात: पहिले दोन डब्याचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे साल. मग चार आकडे त्या डब्याचे स्वतःचे आणि शेवटचा ताळा पाहण्यासाठी. डबा म्हणजे आपली जन्मपत्रिका अंगावर मिरवणारा प्रवासीच!

मुलगा असे आकडे वहीत उतरवू लागला, की वडील विचारतात, “याला मार्क किती?” मार्क नाहीत खरे, पण शेतातले खत, घराच्या सळया आणि गाडीतले तेल आपल्या दारी कसे येते, हे त्याला डोळ्यांनी दिसते. दुकानापलीकडे पाहण्याची सवय लागणे, ही काय थोडी कमाई झाली?

मात्र एक गोष्ट वडीलधाऱ्यांनी बजावून सांगितलीच पाहिजे. या मार्गावर आता विजेची तार आहे. तिच्यात २५,००० व्होल्ट दाब असतो. तिला हात लागायलाच हवा असे नाही. नुसते फार जवळ जाणेही जिवावर बेतते. तेव्हा डब्यावर चढणे नको, पुलावरून काठीला कॅमेरा बांधून पुढे करणे नको. रुळांत विनापरवाना शिरणे हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमान्वये गुन्हाच आहे. फलाटावर असाल, तर आधी स्टेशन मास्तरांना विचारावे. नाहीतर फाटकाबाहेर, सकाळचे ऊन पाठीशी घेऊन उभे राहावे. रूळ साधारण उत्तर-दक्षिण असल्याने पूर्वेच्या बाजूने डबे लख्ख उजळतात.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एकदा हे दाखवाच. बरोबर वही, पेन्सिल आणि डब्यात थोडा चिवडा असावा. कारण मालगाडीला वेळापत्रकाची फारशी भीड नसते!