शार्दूल आला, अर्जुन गेला. हिशेब मात्र ‘पर्स’चा

मोहने, वार्ताहर : आयपीएलचा हंगाम संपला तरी मोहने-आंबिवली परिसरातील मुंबई इंडियन्सच्या पाठीराख्यांचे वाद संपत नाहीत. कोण आला, कोण गेला, कोणती जागा रिकामी राहिली, यावर चर्चा झडतच असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिला जवळचा विषय मिळाला. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौकडून मुंबईकडे आला, तर अर्जुन तेंडुलकर लखनौला गेला.

अशा व्यवहारांचे मर्म ‘पर्स’मध्ये, म्हणजे मानधनासाठी ठरवून दिलेल्या रकमेत आहे. २०२६ च्या हंगामासाठी ती १२५ कोटी रुपये होती. खेळाडू संघ बदलतो, तेव्हा त्याचे मानधन नव्या संघाच्या पर्समधून वजा होते. शार्दूलचे २ कोटी मुंबईच्या खात्यावर पडले, अर्जुनचे ३० लाख लखनौच्या.

हार्दिक पंड्याचेही असेच झाले. २०२३ मध्ये त्याचे १५ कोटी सामावून घेण्यासाठी मुंबईने १७.५ कोटींचा कॅमेरून ग्रीन बंगळूरला दिला. हार्दिक कर्णधार झाला, रोहितचे चाहते दुखावले आणि २०२४ मध्ये संघ तळाला गेला.

त्यानंतर बुमराह, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित व तिलक वर्मा यांना राखण्यातच ७५ कोटी गेले. यष्टिरक्षक ईशान किशन ११.२५ कोटींना हैदराबादकडे गेला. डिसेंबर २०२५ च्या लिलावात मुंबईकडे अवघे २.७५ कोटी उरले होते; त्यातून क्विंटन डी कॉक १ कोटीत मिळाला.

‘अमक्याला का घेतले नाही?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा या हिशेबातच सापडते. रोहितच्या कर्णधारपदाची हळहळ मात्र त्यात बसत नाही.