पदवीनंतर (भाग 9) : तेलाच्या नोकरीची वाट मळीच्या टाकीपासून

‘ऑइल अँड गॅसमध्ये जायचंय’ असं म्हणणाऱ्या नगरच्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर बहुधा दोनच जागा असतात : मुंबई हायवरचा रिग आणि आखाती देश. दोन्ही खऱ्या आहेत. 1974 मध्ये समुद्रात सापडलेल्या आणि 1976 पासून तेल देणाऱ्या मुंबई हायनं कितीतरी मराठी घरं उभी केली. पण अनुभव नसलेल्या पदवीधराला थेट तिथे प्रवेश मिळणं फार अवघड. त्यामानानं सोपं दार आपल्याच तालुक्यात आहे, आणि त्याची गणना कुणी तेल उद्योगात करत नाही, याची मला खंत वाटते. ते दार म्हणजे साखर कारखान्याची डिस्टिलरी.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले सुरुवातीचे प्रयोग 2001 मध्ये झाले. त्यांच्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली. मनमाड तर कोपरगावकरांच्या शेजारचंच. 2018 चं जैवइंधन धोरण 2022 मध्ये दुरुस्त झालं आणि 20 टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट 2025-26 वर आलं. प्रवरानगर, कोपरगाव, संगमनेर या पट्ट्यातला ऊस त्यामुळे तेल कंपन्यांच्या टँकरपर्यंत पोहोचला.

आत काय शिकायला मिळतं ते पाहा. मळी पातळ करून तिच्यात यीस्ट सोडतात, साखरेचं अल्कोहोल होतं, मग ते उंच स्तंभात उकळून वेगळं करतात. वजनानं साधारण 95.6 टक्क्यांवर ही शुद्धता अडते. तिथे द्रवात अल्कोहोल आणि पाणी ज्या प्रमाणात असतात त्याच प्रमाणात वाफेतही येतात, म्हणून कितीही उकळलं तरी पुढे सरकत नाही. मग ती वाफ झिओलाइटच्या दाण्यांमधून नेतात. दाण्यांची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा रेणू आत अडकतो आणि अल्कोहोलचा मोठा रेणू बाहेरून निघून जातो. पेट्रोलमध्ये मिसळायला लागणारं 99.5 टक्क्यांच्या वरचं इथेनॉल असं तयार होतं.

मुंबईत माहुलच्या रिफायनरीत कच्चं तेल साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून स्तंभात सोडतात. तापमान वेगळं, माल वेगळा. पण ट्रे, रिफ्लक्स, दाबातला फरक, कंट्रोल रूमच्या पडद्यावरचे आकडे यांचं शास्त्र तेच. ज्यानं वर्षभर रात्रपाळीत स्तंभाचा दाब चढलेला पाहून वाफ कमी केली आहे, त्याला मुलाखतीत पाठांतराची गरज पडत नाही. बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीवाल्यांनाही यीस्टच्या निमित्तानं इथे जागा आहे. आणि एक लिटर अल्कोहोलमागे आठ-दहा लिटर स्पेंट वॉश निघतो. तो नदीनाल्यात न जाऊ देणं हे पर्यावरण विषय घेतलेल्यांचं काम. मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्या पाण्याखाली आपलीच शेतं आहेत. या विद्येचं रीतसर शिक्षण हवं असेल तर मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट जवळ आहे.

धोका मात्र सांगितलाच पाहिजे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आणले आणि ऑगस्ट 2024 मध्ये ते उठवले. ज्यांनी कर्ज काढून प्लांट वाढवले, त्यांचं मधल्या काळात गणित कोलमडलं. तेलातही तेच. 2014 च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं पिंप 2016 च्या सुरुवातीला तिशीच्या खाली आलं आणि जगभर माणसं घरी बसली. म्हणून माझा आग्रह असतो : पदवी केमिकल, मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन अशा रुंद शाखेत घ्या, पेट्रोलियम वर जोडा.

दुसरी जवळची जागा म्हणजे डेपो. अकोळनेरचे डेपो आपण रस्त्यावरून पाहिलेले असतात. टँकर भरण्याआधी त्याला अर्थिंगची क्लिप लावतात, म्हणजे साठलेली स्थिर वीज जमिनीत जाते. नमुना काचेच्या जारमध्ये घेऊन हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोडतात, आणि आलेली घनता तक्त्यावरून 15 अंशांवर आणतात. पंपावर तीच चाचणी पुन्हा होते. घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त फरक चालत नाही. सरकारी तेल कंपन्या पदवीधरांना आणि डिप्लोमावाल्यांना अप्रेंटिस म्हणून घेतात. त्यासाठी केंद्राच्या एनएटीएस पोर्टलवर नोंदणी लागते. त्यानंतर कायम नोकरीची हमी नसते, पण सुरक्षेची शिस्त अंगात मुरते. अधिकारी म्हणून जायचं तर काही कंपन्या गेटचे गुण पाहतात, काही स्वतःची परीक्षा घेतात. हे दरवर्षी बदलतं, म्हणून त्या वर्षीची मूळ जाहिरातच वाचा.

समुद्रावर जायचं असेल तर पाण्यात बुडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते खर्चिक आहे आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. हातात नोकरीचं पत्र नसताना त्यावर पैसे घालू नका.

राहिलं आखात. पदवीधराच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का नसतो, त्यामुळे जाण्याआधीची सरकारी छाननी त्याच्या वाट्याला येत नाही. ती त्यानं स्वतःच करायची. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि त्याची पावती मिळाली पाहिजे. व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर बदलून घेऊ, असं कुणी म्हणालं तर तिथेच उठा. दोन एकर गहाण ठेवून दिलेले पैसे परत येत नाहीत.

पुढच्या आठवड्यात एनएटीएसचा अर्ज प्रत्यक्ष कसा भरायचा ते पाहू; गुणपत्रिका, आधार आणि बँकेचं पासबुक यांवर नाव एकसारखं आहे ना, तेवढं तोवर तपासून ठेवा.