सुईसारखी पाने नसलेला सूचिपर्णी वृक्ष

सूचिपर्णी वृक्ष म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिमालयातील देवदार आणि चीड उभे राहतात. सुईसारखी पाने आणि लाकडी शंकू ही त्यांची खूण आपण शाळेत शिकलेली असते. या खुणेवर विसंबून अनेकजण कोकण किनाऱ्यावरील सुरूलाही सूचिपर्णी समजतात. वास्तविक सुरू हा सपुष्प वृक्ष आहे. त्याच्या हिरव्या 'सुया' म्हणजे पेरे असलेल्या बारीक डहाळ्या होत. खरी पाने त्या पेरांवर बारीक खवल्यांच्या रूपात असतात.

याच्या नेमके उलट उदाहरण दक्षिण भारतात आहे. तेथील एकमेव देशी सूचिपर्णी वृक्षाची पाने चांगली रुंद असतात! त्याचे शास्त्रीय नाव नागेया वॉलिचियाना. जुन्या ग्रंथांत तो पोडोकार्पस वॉलिचियानस या नावाने आढळतो. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिच (१७८६–१८५४) यांच्यावरून हे नाव पडले.

हा वृक्ष ओळखावा कसा? पहिली खूण पानाची. पाने समोरासमोर, जाड, चकचकीत आणि साधारण ९ ते १४ सें.मी. लांब असतात. गळलेले पान उजेडासमोर धरून पाहावे. आंब्याच्या पानात असते तशी मधली शीर त्यात नसते. देठापासून टोकाकडे अनेक बारीक समांतर शिरा जातात. दुसरी खूण बीजाची. लाकडी शंकू येत नाही. मांसल देठावर एकच गोल बी येते व पिकल्यावर जांभळट काळे होते. तिसरी गोष्ट, नर व मादी वृक्ष वेगवेगळे असतात. म्हणून बी दिसले नाही, तरी ओळख चुकली असे समजू नये.

पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, अगस्त्यमलय, पेरियार, अन्नामलाई येथील दाट सदाहरित अरण्यांत हा वृक्ष तुरळक आढळतो. उटी, कोडाईकनालची पाइनची बने मात्र माणसाने लावलेली आहेत. ईशान्य भारतापासून न्यू गिनीपर्यंत याचा विस्तार असल्याने जगाच्या दृष्टीने ही जाती धोक्यात नाही. परंतु दक्षिणेत ती दुर्मिळ आहे.

येथेच ओळखीचे महत्त्व कळते. या डोंगरांतील बरेचसे अरण्य चहा, कॉफी व वेलदोड्याच्या मळ्यांसाठी गेले. वेलदोड्याच्या मळ्यात सावलीसाठी मोठी झाडे राखतात, पण खालचे रान साफ करतात. त्यात अरण्यवृक्षांची रोपेही जातात. मोठे झाड उभे असते, म्हणून सर्व ठीक आहे असे वाटते; पण त्याची जागा घेणारे कोणी उरत नाही. शिवाय नर व मादी दोन्ही जवळपास नसतील, तर बीच धरत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, सहलीला गेल्यावर झाडाचे नुसते रूप पाहून नाव ठरवू नका. पान पाहा, शिरा पाहा, बी पाहा. फांदी मात्र तोडू नका. खाली पडलेले एक पान अभ्यासाला पुरेसे असते. ज्याला रोप ओळखता येते, तोच ते राखू शकतो, असे आम्हांस वाटते.