आपल्या माणसाची शिफारस

दुकानदार आपल्या मालाची स्तुती करू लागला की गिऱ्हाईक ती सावधपणे ऐकते. त्यात त्याचा लाभ आहे, हे उघड असते. तीच स्तुती शेजारणीने किंवा मेहुण्याने केली, तर सहसा शंका घेतली जात नाही. बोलणाऱ्याला यातून काही मिळत नाही, या समजुतीवरच त्या शब्दाचे मोल अवलंबून असते.

हे मोल व्यापाऱ्यांनी ओळखले आहे. २००२ साली सोनी एरिक्सन कंपनीने अमेरिकेत काही नट नेमले. पर्यटक असल्याचे भासवून ते वाटसरूंना आपले छायाचित्र काढण्याची विनंती करीत व त्या निमित्ताने कंपनीचा नवा मोबाइल त्यांच्या हाती देत. तेथे फसवणूक झाली ती अनोळखी माणसाची, आणि गेली ती त्याची काही मिनिटे. नात्याच्या आडून होणाऱ्या विक्रीत मात्र आयुष्यभराची बचत पणाला लागू शकते.

चेन्नईतील आरुद्रा गोल्ड ट्रेडिंग कंपनीचे प्रकरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. तमिळनाडू पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेच्या तपासानुसार, सप्टेंबर २०२० ते मे २०२२ या काळात कंपनीने सुमारे एक लाख लोकांकडून सुमारे २,४३८ कोटी रुपये गोळा केले. दरमहा २५ ते ३० टक्के परताव्याचे आश्वासन होते. म्हणजे एक लाख रुपयांवर महिन्याला पंचवीस-तीस हजार! अनोळखी माणसाने असे सांगितले असते, तर बहुतेकांनी त्याला दारातूनच परत पाठविले असते. परंतु अशा योजना दारावर येतात त्या ओळखीच्या चेहऱ्याने. कॉफी घेता घेता आत्तेभाऊ आपल्याला मिळालेला पहिला हप्ता दाखवितो. नवा ठेवीदार आणल्याबद्दल त्याला कमिशन मिळणार असेल, तर ते तो सांगत नाही. ऐकणाऱ्यालाही नकार देणे जड जाते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटे नाही.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. पुष्कळदा त्या आत्तेभावाने स्वतःचेही पैसे गुंतविलेले असतात आणि योजनेवर त्याचा खरोखर विश्वास असतो. मग त्याचा दोष कोणता? विश्वास ठेवणे हा दोष नव्हे. कमिशन लपविणे हा दोष आहे, कारण ते कळले असते तर ऐकणाऱ्याने कदाचित आणखी चार ठिकाणी चौकशी केली असती. ती संधी त्याच्याकडून काढून घेतली जाते.

नात्यात पैशाचा व्यवहारच होऊ नये, असे मात्र नाही. तमिळनाडूत चिट फंडाची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रातील भिशीशी तिचे जवळचे नाते आहे. १९८२ च्या चिट फंड कायद्याने चालकाच्या कमिशनला मर्यादा घातली. ती पूर्वी पाच टक्के होती, २०१९ च्या दुरुस्तीने सात टक्के झाली. चालक काय कमावतो, हे सभासदाला ठाऊक असते. विमा एजंट असलेला काकाही एजंट म्हणूनच घरी येतो.

नवे सभासद जोडून पैसे मिळविण्याच्या साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. थेट विक्रीसंबंधीचे २०२१ चे नियम आणखी पुढे जातात. विक्रेत्याने बोलणे सुरू करतानाच आपली ओळख, आपली कंपनी व येण्याचा हेतू स्पष्ट सांगावा, पूर्वपरवानगीशिवाय घरी जाऊ नये व ओळखपत्र जवळ बाळगावे, असे त्यांत म्हटले आहे. मेहुण्याने ओळखपत्र दाखवावे, ही कल्पना हास्यास्पद वाटेल. तथापि हेतू सांगण्याची अट त्यालाही लागू आहे, आणि घरातच ती सर्वाधिक मोडली जाते. पैसे बुडाल्यावर तक्रार करावयाची तर पोलीस ठाण्यात त्याचेच नाव सांगावे लागते. म्हणून अनेकजण तक्रार न करताच गप्प बसतात, आणि पुढच्या लग्नकार्यात दोन्ही घरे एकमेकांकडे पाठ करून जेवतात.