आगामी वर्षाची कार्यक्रमपत्रिका : कला, संगीत, आरोग्य व समाजोपयोगी उपक्रमांच्या नियोजनाचा विचार

प्रस्तावना

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयात दोन वेळापत्रके सिद्ध होतात. एक अध्यापनाचे आणि दुसरे वर्षभरातील कार्यक्रमांचे. पहिल्यामागे अभ्यास मंडळापासून विभागप्रमुखांपर्यंत अनेकांचा विचार उभा असतो. दुसरे मात्र बहुधा मागील वर्षाच्या पत्रिकेतील तारखा बदलून तयार केले जाते. २१ जूनला योग दिन, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये युवक महोत्सव, २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजना दिन, १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन, हिवाळ्यात श्रमसंस्कार शिबिर, १२ जानेवारीला युवा दिन, त्यानंतर स्नेहसंमेलन आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, असा हा क्रम आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे.

या क्रमातील प्रत्येक कार्यक्रम आपापल्या ठिकाणी उचितच आहे. प्रश्न आहे तो त्यांच्या मांडणीमागील तत्त्वाचा. आपली कार्यक्रमपत्रिका दिनविशेषांच्या आधाराने आखली जाते. विद्यार्थ्यांची, कलेची आणि समाजाची गरज वर्षाच्या कोणत्या काळात निर्माण होते, याचा विचार तीत अभावानेच आढळतो. महाराष्ट्रातील विद्यापीठांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी सुरू झाल्यामुळे या प्रश्नाला आता शैक्षणिक महत्त्व प्राप्त झाले आहे. प्रस्तुत लेखात कला व संगीत, आरोग्य आणि समाजकार्य या तीन क्षेत्रांतील आगामी उपक्रमांचा या दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर काळात विद्यापीठीय सांस्कृतिक उपक्रमांना राष्ट्रीय स्वरूप लाभले ते १९५४ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या आंतरविद्यापीठ युवक महोत्सवाने. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात राजभवनाच्या पुढाकाराने २००३ पासून ‘इंद्रधनुष्य’ हा राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सव भरू लागला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यार्थी विकास मंडळ हे विद्यापीठाचे वैधानिक मंडळ ठरले. सारांश, या उपक्रमांना संस्थात्मक आधार पूर्वीपासूनच आहे.

अलीकडील बदल निराळ्या प्रकारचा आहे. राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयानुसार पदवी अभ्यासक्रमाच्या चौकटीत सहअभ्यासक्रम हा स्वतंत्र घटक समाविष्ट झाला. आरोग्य व स्वास्थ्य, योग, क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना आणि ललित व प्रयोगजीवी कला यांचा त्यात अंतर्भाव होतो. त्याच्या जोडीला समाज सहभाग उपक्रमही आहेत. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास अपेक्षित असतात. म्हणजे दोन श्रेयांकांसाठी ६० तास, आणि पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार तास. एक दिवसाच्या कार्यक्रमातून हे तास भरून निघणे अशक्य आहे. ज्या गोष्टी आजवर हौसेच्या आणि निवडक विद्यार्थ्यांच्या मानल्या जात होत्या, त्या आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या हक्काच्या झाल्या आहेत, हा या हिशेबाचा खरा अर्थ होय.

कला व संगीत : स्पर्धा आणि सराव

युवक महोत्सवाचे स्वरूप चाळणीचे आहे. महाविद्यालय, जिल्हा वा विभाग, विद्यापीठ, पश्चिम विभाग आणि शेवटी राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी तो चढत जातो. भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवात संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला असे पाच विभाग असतात. समूहगानात सहा गायक, एकांकिकेत नऊ कलावंत, प्रहसनात सहा, लोकनृत्यात दहा नर्तक अशा मर्यादा ठरलेल्या आहेत. दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाने चाळीस जणांचा संघ पाठविला असे गृहीत धरले, तर शंभरातील दोघांना रंगमंच मिळतो आणि उरलेले अठ्ठ्याण्णव प्रेक्षक राहतात. स्पर्धेचा हा दोष नव्हे. निवड करणे हेच तिचे काम आहे. परंतु महाविद्यालयाचे संपूर्ण कलाविषयक कार्य स्पर्धेपुरते मर्यादित झाले, तर बहुसंख्यांच्या वाट्याला काहीच येत नाही.

यात वेळापत्रकाचा आणखी एक परिणाम दडलेला आहे. प्रथम वर्षाचे प्रवेश जुलैपर्यंत चालतात आणि संघाची निवड ऑगस्टमध्ये होते. चार-पाच आठवड्यांत कोणालाही गाणे वा अभिनय शिकविता येत नाही. स्वाभाविकच, शहरातील खासगी वर्गांत आधीच शिकून आलेला विद्यार्थी निवडला जातो. वाडीवस्तीवरून येणाऱ्या, घरी भजन किंवा भारूड ऐकत वाढलेल्या, परंतु रंगमंचाची सवय नसलेल्या विद्यार्थ्याची ओळख होईपर्यंत महोत्सव आटोपलेला असतो. सायंकाळी उशिरापर्यंत चालणाऱ्या तालमींमुळे शेवटच्या एस.टी.ने गावी परतणाऱ्या विद्यार्थिनी तर आपोआप वगळल्या जातात. त्यांना कोणी नाकारलेले नसते. वेळापत्रकानेच त्यांना बाहेर ठेवलेले असते.

संगीताच्या बाबतीत अडचण अधिक सूक्ष्म आहे. महोत्सवातील शास्त्रीय गायनाला पंधरा मिनिटांची मर्यादा असते. तेवढ्या अवधीत रागाची मांडणी, बंदिश आणि तानांची तयारी दाखविण्याकडे स्पर्धकाचा कल असणे साहजिक आहे. स्वर स्थिर करणे, ठेका ऐकत राहणे, एकाच रागात महिनोन्‌महिने रमणे ही संगीतशिक्षणाची मूळ अंगे मात्र स्पर्धेच्या बाहेरच घडतात. श्रोता घडविण्याचे कार्यही तसेच. दिल्लीच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ साली सुरू केलेल्या ‘स्पिक मॅके’ या चळवळीने सप्रयोग व्याख्यानाचा मार्ग स्वीकारला. कलावंत गातो, थांबतो, उलगडून सांगतो, विद्यार्थी प्रश्न विचारतात. या पद्धतीत विजेता कोणीच नसतो आणि सभागृहातील प्रत्येकजण काही ना काही घेऊन जातो.

पुण्यातील पुरुषोत्तम करंडक या १९६३ पासून चालत आलेल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचा अनुभव या संदर्भात उद्‌बोधक ठरतो. तिचे महत्त्व करंडकापेक्षा त्याआधीच्या दीर्घ तालमींत आहे. लेखन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा आणि पडद्यामागील व्यवस्था ही सर्व कामे विद्यार्थीच करतात. एका एकांकिकेभोवती अनेकांना काम मिळते आणि ते काम आठवडेच्या आठवडे चालते. ६० तासांचा सहअभ्यासक्रम आखताना हे प्रारूप सहज उपयोगी पडेल.

आरोग्य : निकड आणि तारीख

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून घोषित केला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. महाराष्ट्रात योगाच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपरा त्याहून जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ केला. योगाभ्यास हा शब्दच नित्य अभ्यासाची अपेक्षा व्यक्त करतो. प्रत्यक्षात २१ जूनला प्रथम वर्षाचे प्रवेश पूर्ण झालेले नसतात. त्यामुळे ज्यांना ही सवय सर्वप्रथम लागावी, ते विद्यार्थी त्या दिवशी महाविद्यालयात नसतातच.

मानसिक आरोग्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता असावा, सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, विद्यार्थ्यांच्या लहान गटांसाठी मार्गदर्शक नेमावेत, असे त्यात सांगितले आहे. परीक्षेच्या आणि शैक्षणिक स्थित्यंतराच्या काळात या मार्गदर्शनाची विशेष गरज असते, ही बाबही त्यात अधोरेखित झाली आहे.

हा शेवटचा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेच्या दृष्टीने निर्णायक आहे. विद्यार्थ्याच्या वर्षात ताणाचे काळ ठरलेले असतात : प्रवेशानंतरचे पहिले सहा आठवडे, दोन्ही सत्रांच्या परीक्षा, निकालाचे दिवस आणि वसतिगृह सोडण्याचा काळ. १० ऑक्टोबरला एक व्याख्यान आयोजित करून यांपैकी किती काळ सांभाळला जातो, याचा विचार व्हावयास हवा. निकालाच्या दिवशी बहुधा महाविद्यालयात कोणताही कार्यक्रम नसतो. त्या दिवशी समुपदेशक आणि दोन प्राध्यापक एखाद्या खोलीत उपलब्ध असणे आणि १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक सूचनाफलकावर ठळकपणे लावलेला असणे, हा कोणत्याही समारंभापेक्षा अधिक मोलाचा उपक्रम ठरेल.

समाजकार्य : निसर्गाचे आणि गावाचे वेळापत्रक

समाजोपयोगी उपक्रमांत वेळेचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे दिसते. येथे तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण रक्तदानाचे. संकलित रक्तातील तांबड्या पेशी त्यांत वापरलेल्या द्रावणानुसार सुमारे ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स केवळ पाच दिवस. एखाद्या जयंतीच्या दिवशी परिसरातील अनेक महाविद्यालयांनी एकाच वेळी शिबिरे घेतली, तर रक्तपेढीत तात्पुरती विपुलता निर्माण होते. एप्रिल-मे मध्ये महाविद्यालये बंद असताना मात्र टंचाई जाणवते. दोन रक्तदानांत पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर आवश्यक असल्याने एका दिवशी रक्त दिलेले सर्व दाते पुढील तीन-चार महिने एकदमच अनुपलब्ध होतात. याउलट, रक्तपेढीशी विचारविनिमय करून दात्यांची नोंदवही ठेवली आणि लहान गटांना वर्षभर विभागून पाठविले, तर तेवढ्याच दात्यांकडून अधिक उपयुक्त कार्य घडेल.

दुसरे उदाहरण जलसंधारणाचे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर घातले जाणारे वनराई बंधारे पावसाळा सरताना, प्रवाह मंदावलेला पण वाहता असताना घालावे लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्यांचा काळ. आपली सात दिवसांची निवासी शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात. तोवर अनेक ओढ्यांचे पाणी वाहून गेलेले असते. श्रम तेवढेच होतात, अडविण्यास पाणी मात्र उरत नाही.

तिसरे उदाहरण वृक्षारोपणाचे. जुलैतील लागवड योग्यच आहे. परंतु रोप जगते की मरते हे पुढील मार्च ते मे या काळात ठरते, आणि त्या वेळी महाविद्यालयाला सुटी असते. उन्हाळ्यातील पाणी कोण घालणार हे लागवडीपूर्वीच ठरले नसेल, तर पुढील वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा लागवड करण्याची वेळ येते.

राष्ट्रीय सेवा योजनेची मूळ रचना या संदर्भात मुद्दाम ध्यानात घ्यावी. तीत स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास कार्य अपेक्षित आहे आणि शिबिर हा योजनेचा केवळ एक भाग आहे. सातत्याचे तत्त्व आपल्याकडे अर्धशतकाहून अधिक काळ कागदावर उपलब्ध आहे.

अहवालाचा प्रश्न

उपक्रम दिनविशेषांभोवती का केंद्रित होतात, याचे एक कारण मूल्यांकनाच्या पद्धतीत सापडते. तारीख, उपस्थितांची संख्या, स्थाननिर्देशित छायाचित्रे आणि वृत्तपत्रातील कात्रण यांनी एक दिवसाचा कार्यक्रम सहज सिद्ध करता येतो. आठवड्याला चार तास चाललेला गायनवर्ग किंवा उन्हाळ्यात जगविलेली पन्नास झाडे सिद्ध करणे त्या मानाने कठीण असते. कार्यक्रम अधिकाऱ्याकडे अध्यापनाचा भार असतोच. त्यामुळे सिद्ध करण्यास सोपे ते प्रथम केले जाते. यात व्यक्तीचा दोष नाही. तथापि श्रेयांक देताना हीच पद्धत पुढे चालू राहिली, तर ६० तासांची नोंद होईल आणि शिक्षण मात्र होणार नाही, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

काही सूचना

वरील विवेचनावरून आगामी वर्षासाठी पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) कार्यक्रमपत्रिका तयार करताना प्रथम परीक्षा, निकाल, पावसाळा, शेतीचा हंगाम आणि सुट्या यांची नोंद करावी, दिनविशेष त्यानंतर भरावेत.

२) युवक महोत्सवाच्या संघाची तयारी आदल्या वर्षीच्या डिसेंबरपासून सुरू करावी. त्यात स्पर्धेत न उतरणाऱ्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश असावा आणि तालमींची वेळ दिवसाची ठेवावी.

३) योगाचा नियमित वर्ग प्रवेश पूर्ण झाल्यावर सुरू करून सत्रभर चालवावा, २१ जून हा त्याचा प्रारंभसंकेत मानावा.

४) परीक्षा व निकालाच्या आठवड्यांत समुपदेशनाची वेळ पत्रिकेत छापावी.

५) शिबिराचा काळ हाती घेतलेल्या कामावरून ठरवावा आणि त्यासाठी ग्रामपंचायतीशी सत्रारंभीच चर्चा करावी.

६) अहवालात उपस्थितीच्या जोडीला सातत्याची नोंद असावी : किती विद्यार्थी दहाव्या आठवड्यापर्यंत टिकले, किती रोपे जूनमध्ये जिवंत होती.

समारोप

कला, आरोग्य आणि समाजकार्य यांना पदवीच्या चौकटीत स्थान मिळाले, ही स्वागतार्ह घटना आहे. त्या स्थानाला अर्थ देण्याचे काम मात्र शासननिर्णयाने होणार नाही. ते महाविद्यालयातील निमंत्रक, कार्यक्रम अधिकारी आणि त्यांना साथ देणारे सहकारी यांनाच करावे लागेल. वर्षारंभी प्राचार्यांच्या दालनात होणाऱ्या नियोजनाच्या बैठकीत प्रत्येक कार्यक्रमाविषयी ‘हा कोणत्या दिवशी घ्यावयाचा’ या प्रश्नाआधी ‘याची गरज कोणाला आणि केव्हा आहे’ हा प्रश्न विचारला गेला, तरी पत्रिकेचे स्वरूप पालटू लागेल. त्यासाठी वेगळ्या निधीची वा परवानगीची आवश्यकता नाही.