आक्रमकाच्या हाती ढाल
लेखमाला : चौरस रिंगण, भाग ६

१० एप्रिल २००४. लास वेगासच्या रिंगणात व्लादिमिर क्लिच्कोने चौथ्या फेरीत लेमन ब्रूस्टरला खाली पाडले आणि लढत त्याच्या खिशात आल्यासारखी दिसू लागली. पुढच्या तीन मिनिटांत सगळे चित्र पालटले. क्लिच्कोच्या छातीचा भाता झाला, हात खाली आले आणि पाचव्या फेरीच्या अखेरीस साडेसहा फुटांचा हा गडी कोसळला. रेफरीने लढत थांबवली.

त्याच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडत नव्हते. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला हा युक्रेनियन बॉक्सर १९९८मध्ये कीव्हमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, रॉस प्युरिटीकडून असाच दमून हरला होता. २००३मध्ये हॅनोव्हरला कोरी सँडर्सने त्याला दोन फेऱ्यांत गारद केले. ठोशात ताकद अफाट होती, पण समोरचा माणूस पहिल्या माऱ्यातून वाचला की पुढे काय करायचे, हे त्याला उमगत नव्हते.

अशा खेळाडूला बचाव शिकवावा का, हा बॉक्सिंगमधला जुना वाद आहे. एका बाजूचे म्हणणे असे की आक्रमकाची धार बोथट केली तर त्याच्याकडे उरते काय? दुसरी बाजू म्हणते की मार खाऊन कारकीर्द संपवण्यापेक्षा दोन ठोसे कमी मारलेले बरे. क्लिच्कोच्या कारकिर्दीने या वादाला जितके स्पष्ट उत्तर दिले, तितके फार थोड्यांनी दिले असेल.

डेट्रॉइटच्या क्रॉन्क जिमचे प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड तेव्हा नुकतेच त्याच्या कॉर्नरमध्ये आले होते. त्यांनी त्याच्या उजव्या हाताची ताकद जशीच्या तशी ठेवली आणि त्या हाताचा उपयोग करण्याची वेळ बदलली. उंच माणसाने उंच राहूनच लढावे, हा त्यांचा आग्रह. डावा हात पुढे लांबवून अंतर राखायचे, जॅबवर जॅब मारत राहायचे आणि उजवा हात जॅबने वाट मोकळी केल्यावरच सोडायचा. प्रतिस्पर्धी आत घुसला तर त्याला मिठी मारायची, अंगाचा भार त्याच्या मानेवर टाकायचा आणि रेफरी सोडवेपर्यंत श्वास घ्यायचा.

यामागे साधा हिशेब होता. हुकलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो. लागलेला ठोसा समोरच्याच्या अंगावर थांबतो. हुकलेला थांबवायला मारणाऱ्याचा खांदा, कंबर आणि मांड्या एकदम कामाला लागतात. वर तोल गेलेला असतो, हनुवटी उघडी पडलेली असते. एखाद्या फेरीत असे डझनभर ठोसे हुकले तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसताना पाय थरथरतात. अंतर राखणाऱ्या क्लिच्कोचे हुकणारे ठोसेच कमी झाले आणि त्याचा दमसास आपोआप वाढला.

परीक्षा झाली २४ सप्टेंबर २००५ रोजी, अटलांटिक सिटीत. समोर होता तोवर एकही लढत न हरलेला नायजेरियन सॅम्युएल पीटर. पाचव्या फेरीत दोनदा आणि दहाव्या फेरीत एकदा क्लिच्को खाली गेला. जुना क्लिच्को तिथेच संपला असता. हा उठला, डावा हात पुन्हा पुढे केला आणि जॅब मारत राहिला. बाराव्या फेरीत तर त्यानेच पीटरला हलवून सोडले. तिन्ही परीक्षकांनी ११४-१११ अशा गुणांनी त्याला विजयी ठरवले. शैली खरोखर बदलली आहे की नाही, हे सरावात कळत नाही. डोके गरगरत असताना शरीर आपणहून काय करते, त्यावरून कळते.

त्यानंतर एप्रिल २००६पासून नोव्हेंबर २०१५पर्यंत तो हेवीवेटचा जगज्जेता राहिला. या काळात त्याने १८ वेळा विजेतेपद राखले आणि त्यांपैकी १३ लढती ठरलेल्या वेळेआधीच संपल्या. ब्रूस्टर आणि पीटर या दोघांनाही त्याने पुन्हा गाठून हरवले. बचावाने त्याची मारक शक्ती कमी झाली, असे हे आकडे पाहून कोणी म्हणू शकणार नाही.

किंमत मात्र मोजावी लागली. फेब्रुवारी २००८मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुलतान इब्रागिमोव्हविरुद्धच्या कंटाळवाण्या विजयावर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. २०१३मध्ये मॉस्कोत पोवेत्किनविरुद्ध त्याने इतक्या मिठ्या मारल्या की जाणकारही वैतागले. आणि २०१५मध्ये ड्युसेलडॉर्फला त्याच्याहून उंच टायसन फ्युरी समोर आला, तेव्हा अंतराचे हत्यारच हातातून निसटले. बारा फेऱ्या तो संधीची वाट पाहत राहिला, उजवा हात काही सुटला नाही. वाट पाहण्याची सवय इतकी मुरली होती.

हीच औषधाची मात्रा सगळ्यांना लागू पडत नाही. जो फ्रेझर सहा फुटांच्या आतबाहेरचा, आखूड हातांचा. ८ मार्च १९७१ रोजी त्याने मुहम्मद अलीला हरवले ते वाकत, डोलत, त्याच्या छातीला छाती भिडवून. त्याला लांब उभे राहून जॅब मारायला सांगणे म्हणजे अलीला विजय आंदण देणे झाले असते. माइक टायसनचेही तसेच. कस डॅमाटो यांनी त्याला दोन्ही हात गालांशी धरून, डोके सतत हलवत आत शिरायला शिकवले. टायसनच्या चढाईची दहशत सर्वांना आठवते, पण त्या चढाईतले प्रत्येक पाऊल बचावाचेही होते. १९८८च्या अखेरीस त्याने आपले प्रशिक्षक केव्हिन रूनी यांना दूर केल्यावर डोक्याची ती हालचाल मंदावत गेली आणि फेब्रुवारी १९९०मध्ये टोकियोत बस्टर डग्लसच्या जॅबला त्याचा चेहरा आयता सापडू लागला. म्हणून बुटक्या आक्रमकाला बचाव नको, असे नाही. त्याचा बचाव पुढे सरकतानाच व्हायला हवा, एवढाच त्याचा अर्थ.

आता अँथनी जोशुआ. २९ एप्रिल २०१७ रोजी वेम्बलीत ९० हजार प्रेक्षकांसमोर त्याने ४१ वर्षांच्या क्लिच्कोला अकराव्या फेरीत संपवले. सहाव्या फेरीत मात्र क्लिच्कोने त्याला खाली पाडले होते, तो उठला तेव्हा पायांवर नीट उभाही नव्हता, आणि क्लिच्को तुटून पडला नाही. स्टुअर्ड यांचे २०१२मध्ये निधन झाले होते; त्या क्षणी ते कोपऱ्यात असते तर त्यांनी काय ओरडून सांगितले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

जोशुआची पाळी दोन वर्षांनी आली. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कला, बदली म्हणून आयत्या वेळी आलेल्या अँडी रुइझला त्याने तिसऱ्या फेरीत पाडले आणि संपवायला धावला. त्या धुमश्चक्रीत रुइझचा डावा हूक कानशिलाजवळ बसला. जोशुआ त्या फेरीत दोनदा आणि सातव्या फेरीत आणखी दोनदा खाली गेला. लढत थांबली, विजेतेपदाचे पट्टे गेले. तोवरच्या २२ विजयांपैकी २१ नॉकआउटने मिळवणाऱ्या माणसाला आता बचाव शिकायचा होता.

७ डिसेंबरला सौदी अरेबियातल्या दिरियात उतरलेला जोशुआ सुमारे पाच किलोंनी हलका होता. तो बारा फेऱ्या रिंगणभर फिरला, जॅब मारून बाजूला झाला, रुइझला आत येऊ दिले नाही. रुइझ पहिल्या वेळेपेक्षा वजन वाढवून आला होता, त्याला हा पाठलाग झेपलाच नाही. ११८-११०, ११८-११०, ११९-१०९. योजना अचूक होती.

ती रुइझसाठी अचूक होती, हे पुढे दिसले. सप्टेंबर २०२१मध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर डावखुरा ओलेक्झांडर उसिक समोर आला. जोशुआने पुन्हा लांबून, मोजूनमापून लढायचे ठरवले. पण मोजमापाच्या या खेळात उसिक त्याचा गुरू शोभावा असा. उंची, वजन, ताकद हे सगळे जोशुआकडे असूनही त्याने ते बाजूला ठेवले आणि प्रतिस्पर्ध्याच्या आवडीच्या मैदानात जाऊन हरला. जेद्दाहमधल्या २०२२च्या परतीच्या लढतीत तो अंगावर, पोटावर मारा करत गेला. त्यातही तो हरला, पण एका परीक्षकाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि नवव्या फेरीत उसिक खरोखर अडचणीत होता.

बचाव शिकताना क्लिच्कोला एकच गुरू मिळाला आणि आठ वर्षे मिळाला. जोशुआ उसिककडून पहिल्यांदा हरल्यावर रॉब मॅकक्रॅकन यांच्याकडून रॉबर्ट गार्सिया, मग डेरिक जेम्स, मग बेन डेव्हिसन यांच्याकडे गेला. प्रत्येकाने काही चांगले दिले असेलच, पण बचाव अंगात मुरायला लागणारा काळ कोणालाच मिळाला नाही. २१ सप्टेंबर २०२४ रोजी वेम्बलीत डॅनियल दुबॉइसकडून पहिल्या फेरीपासून मार खाणाऱ्या जोशुआने पाचव्या फेरीत उजव्या हाताने त्याला हलवले, अपरकट मारायला आत धावला आणि दुबॉइसच्या उजव्या हाताच्या ठोशाने आडवा झाला.

पुढील भागात : उसिकसारखे डावखुरे बॉक्सर समोरच्याच्या पायांचा हिशेब कसा चुकवतात.