अनोळखी माणसाच्या नजरेने

जानेवारी आणि जुलै हे अग्निसुरक्षेची कामं करणाऱ्यांच्या धावपळीचे महिने. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावं लागतं. सगळे त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. अशाच एका तपासणीत मुंबईतल्या एका कार्यालयात तंत्रज्ञाबरोबर फिरायला मिळालं.

पंप, स्प्रिंकलर झाल्यावर तो पाट्यांकडे वळला आणि तिथेच सगळ्यात जास्त रेंगाळला. लाल पाटी आग विझवण्याच्या साहित्याची, हिरवी सुटकेच्या वाटेची. त्यात तडजोड नाही. इथे मात्र एका दारावर सजावटीला शोभेल अशी करड्या काचेवरची चंदेरी अक्षरं होती. “धुरात हे कोणाला दिसणार?” म्हणत त्याने वहीत फुली मारली.

मग एमसीबी पाडून दिवे घालवले. हिरव्या पाट्या बॅटरीवर उजळत राहायला हव्यात. जिन्याजवळची थोड्याच वेळात मंदावली आणि विझली. दुसरी पाटी ठणठणीत होती, पण दारावरच चिकटवलेली. दार सताड उघडलं की तिचं तोंड भिंतीकडे.

यानंतर तो जिन्यापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीत जाऊन बसला. राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) कार्यालयातून सुरक्षित जिन्यापर्यंतच्या अंतराला सर्वसाधारणपणे ३० मीटरची मर्यादा आहे. इथलं अंतर त्यात बसत होतं, पण वाटेत दोन वळणं आणि पहिल्या वळणावर बाण नाही. “पाटीखाली उभं राहून पाटी तपासायची नसते,” तो म्हणाला. भिंतीवरच्या नकाशात जिना डावीकडे दाखवला होता, प्रत्यक्षात तो उजवीकडे. नकाशा बरोबरच होता, पण ज्या भिंतीसाठी काढला तिच्या समोरच्या भिंतीवर लावला होता.

या बारकाव्यांची किंमत मुंबईला ठाऊक आहे. २९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्या कमला मिलमधल्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात आसऱ्याला शिरले होते. घाबरलेला माणूस ज्या वाटेने आला तिकडेच वळतो, नाहीतर दिसेल त्या दाराआड शिरतो. त्याला तिथून वळवायचं काम पाटीचं. म्हणून तर हिरव्या पाटीवरचा धावणारा माणूस. जपानी आरेखक युकियो ओता यांनी घडवलेलं हे चित्र कोणतीही लिपी न येणाऱ्यालाही कळतं.

जिन्याचं दार सहज उघडलं. पलीकडे कागदाची खोकी रचलेली होती. ती तिथल्या तिथे हलवून घेतली. निघताना त्याने व्यवस्थापकांना सांगितलं, “साहेब, महिन्यातून एकदा सगळ्यांना याच जिन्याने उतरवा. लिफ्टशिवाय दुसरी वाट कोणाच्या पायाखालची नाही.”

बॅटरी, बाण, नकाशा या त्रुटी अहवालात गेल्या. जिन्याने उतरवण्याच्या सूचनेसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.